म्हातारपण आणि सरकारी आरोग्य विमा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातल्या कुणी सत्तरी ओलांडली की विम्याबद्दलचे प्रश्न बदलतात. ऑपरेशनचे पैसे मिळतील का, हा प्रश्न मागे पडतो. आईला रोज उठवून बसवणार कोण आणि त्याचा खर्च कुठून करायचा, हा पुढे येतो. देशादेशांच्या आरोग्य विम्यापुढचा प्रश्नही असाच सरकला आहे, म्हणून खालच्या उत्तरांत हॉस्पिटलच्या बिलापेक्षा शुश्रूषेबद्दल जास्त लिहिलं आहे.

सरकारी आरोग्य विमा नेमका कशाला म्हणायचं?

ज्यात सामील होणं कायद्याने बंधनकारक असतं किंवा आपोआप होतं, ज्याचा हप्ता तुमच्या आजारावर ठरत नाही आणि आजारी आहात म्हणून ज्यातून तुम्हाला वगळता येत नाही, असा विमा. त्याची सुरुवात जर्मनीत बिस्मार्कच्या काळात, १८८३ साली झाली. तेव्हा तो मुख्यतः कामगारांसाठी होता. कामगार आजारी पडला की मजुरी बुडते आणि वर औषधाला पैसे लागतात, म्हणून पगारातून थोडं कापून सामाईक निधी उभा करायचा. ब्रिटनने १९४८ मध्ये वेगळी वाट धरली आणि हप्त्याऐवजी मुख्यतः करांतून सेवा चालवली. इथे दोन्ही प्रकार एकत्रच धरले आहेत.

मूळचा आराखडा काम करणाऱ्या, आजारी पडून पुन्हा कामाला लागणाऱ्या माणसासाठी होता, हे लक्षात ठेवा. आजच्या बहुतेक अडचणींचं मूळ तिथे आहे.

म्हाताऱ्या माणसांची संख्या खरंच इतकी वाढते आहे का?

हो. संयुक्त राष्ट्रांच्या २०२२ च्या अंदाजानुसार त्या वर्षी जगात दर शंभरात १० माणसं ६५ किंवा त्याहून जास्त वयाची होती. २०५० मध्ये ती १६ असतील. ऐंशीच्या पुढच्यांची संख्या २०२० ते २०५० दरम्यान तिप्पट होऊन ४२ कोटींच्या वर जाईल, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जपानमध्ये १९६३ साली शंभरी गाठलेली माणसं १५३ होती, २०२४ मध्ये ती ९५ हजारांवर गेली. दक्षिण कोरियात २०२४ च्या अखेरीस पासष्टीच्या पुढच्यांचा वाटा २० टक्क्यांवर पोहोचला.

हे आकडे संकट म्हणून सांगण्याची पद्धत पडली आहे, ती मला पटत नाही. लसी, स्वच्छ पाणी, सुरक्षित बाळंतपण, रक्तदाबाच्या स्वस्त गोळ्या यांनी जे साधायचं होतं तेच साधलं आहे. त्यासाठी पैशांची सोय वेळेवर केली नाही, ही चूक मात्र खरी.

मग हा विमा बुडणार, असं का म्हणतात?

कारण बहुतेक देशांत आज काम करणाऱ्यांच्या पैशातून आजच्याच आजाऱ्यांचा खर्च भागतो. तुमच्या नावावर काही साठत नाही. भरणारे कमी आणि घेणारे जास्त झाले की ताण येणारच. जपानमध्ये आज पासष्टीच्या पुढच्या एका माणसामागे १५ ते ६४ वयाची जेमतेम दोन माणसं आहेत. तिथे २००८ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांसाठी वेगळी योजना आहे. औषधोपचाराच्या वेळी रुग्ण स्वतः देतो तो हिस्सा सोडला, तर उरलेल्या खर्चातला साधारण निम्मा पैसा सरकारी तिजोरीतून आणि ४० टक्के तरुणांच्या विमा निधींतून येतो. वृद्धांच्या हप्त्यांचा वाटा १० टक्क्यांच्या आसपास भरतो.

तरीही सरकारी विमा कंपनीसारखा एका रात्रीत दिवाळ्यात जात नाही. संसद हप्ता वाढवू शकते, करातून भर घालू शकते, नियम बदलू शकते. भीती वाटावी असा धोका वेगळाच आहे. खर्च झेपेना की सरकारं गाजावाजा न करता काटछाट करतात. एखादं औषध यादीतून जातं, तपासणीची रांग लांबते, ठरवून दिलेले दर वर्षानुवर्षं वाढत नाहीत म्हणून चांगली हॉस्पिटलं योजनेतून अंग काढून घेतात. कागदावर विमा शाबूत राहतो आणि माणसाच्या हाताला काही लागत नाही. याची झळ सर्वांत आधी वृद्धांना बसते, कारण दुसरं हॉस्पिटल शोधत फिरण्याची ताकद त्यांच्यात नसते.

खर्च वाढतो तो वय वाढल्यामुळेच ना?

काही अंशी. स्वित्झर्लंडमधले अर्थतज्ज्ञ पीटर त्स्वाइफेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवलं की उपचारांचा खर्च माणसाच्या वयापेक्षा मृत्यू किती जवळ आहे यावर जास्त अवलंबून असतो. शेवटच्या वर्षा-दोन वर्षांतला मोठा खर्च माणूस सत्तराव्या वर्षी गेला तरी होतो आणि नव्वदाव्या वर्षी गेला तरी होतो. आयुष्य लांबलं की तो बराचसा पुढे ढकलला जातो. नंतरच्या अभ्यासांनी यात एक महत्त्वाची दुरुस्ती केली: शुश्रूषेचा खर्च मात्र वयाबरोबर खरोखर वाढतो.

उरलेली वाढ नवी तंत्रं, नवी औषधं आणि माणसांचं वेतन यांतून येते. अमेरिकी अर्थतज्ज्ञ विल्यम बॉमोल यांनी १९६० च्या दशकातच सांगितलं होतं की ज्या कामात माणसाचा वेळ हीच सेवा असते, तिथे यंत्रांनी फारशी बचत होत नाही. पण बाहेर पगार वाढले की तिथलेही वाढवावे लागतात. नर्सने जखम बांधायला पन्नास वर्षांपूर्वी जितका वेळ लागायचा, साधारण तितकाच आजही लागतो.

एकटं एक औषध काय करू शकतं, तेही पाहा. अमेरिकेत २०२१ मध्ये अल्झायमरवरच्या अ‍ॅड्युहेल्म या औषधाला मंजुरी मिळाली. वर्षाची किंमत ५६ हजार डॉलर, आणि गुणाबद्दल तज्ज्ञांत तीव्र मतभेद. तरी ते द्यावं लागलं तर, या धास्तीने वृद्धांच्या मेडिकेअर या सरकारी विम्याने २०२२ च्या हप्त्यात जी मोठी वाढ केली, तिचं एक कारण हे औषध होतं. पुढे कंपनीने किंमत जवळपास निम्मी केली, मेडिकेअरने वापर चाचण्यांपुरता ठेवला आणि २०२४ मध्ये औषध बाजारातूनच गेलं. हप्ता वाढला तो वृद्धांच्या संख्येमुळे, असं त्या वर्षी कुणी म्हटलं असतं तर ते अपुरं ठरलं असतं.

हॉस्पिटलचा विमा असूनही कुटुंबं कफल्लक का होतात?

सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

पक्षाघातानंतरचे पहिले काही आठवडे विम्यात बसतात. त्यानंतरची सात वर्षं बसत नाहीत. अंघोळ, शौच, भरवणं, कूस बदलणं, रात्री-अपरात्री उठून भटकणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णावर नजर ठेवणं, यातलं काहीच 'उपचार' या सदरात मोडत नाही. अमेरिकेतलं मेडिकेअर १९६५ पासून आहे, पण एका आजारपणात हॉस्पिटलनंतरच्या नर्सिंग केंद्रातले जास्तीत जास्त १०० दिवस ते पाहतं, तेही कुशल नर्सिंगची गरज असेल तर. नुसत्या देखभालीसाठी काही नाही. मग माणूस साठवलेलं सगळं संपवतो आणि पुरेसा गरीब झाल्यावर मेडिकेड या गरिबांसाठीच्या योजनेत जातो. आयुष्यभर कर भरलेल्या माणसाला मदत मिळण्याआधी कंगाल व्हायला लावणारी ही रचना अन्यायाची आहे, असं मला ठामपणे वाटतं.

शुश्रूषा विम्याबाहेर ठेवून पैसे वाचत नाहीत, हा जपानचा धडा आहे. जपानने १९७३ मध्ये सत्तरीच्या पुढच्यांना उपचार मोफत केले. घरी सांभाळणारं कुणी नाही, घरपोच सेवाही नाही, म्हणून माणसं हॉस्पिटलात भरती होऊन महिनोन् महिने तिथेच राहू लागली. आजार बरा झालेला, पण जायचं कुठे? शुश्रूषेची गरज सर्वांत महागड्या खाटेवर भागवली जात होती. १९८३ मध्ये मोफत उपचार बंद करून थोडी रक्कम आकारायला सुरुवात झाली, तरी मूळ गरज तशीच राहिली. ती मान्य करून देशाने स्वतंत्र शुश्रूषा विमा सुरू केला तो २००० साली.

जर्मनीने हे १९९५ मध्ये केलं. तिथे वृद्धाश्रमांतल्या रहिवाशांना तिथलं बिल झेपेना, म्हणून मोठ्या संख्येने सरकारी मदतनिधीवर यावं लागत होतं आणि तो बोजा स्थानिक प्रशासनांवर पडत होता. दक्षिण कोरियाने २००८ मध्ये असाच विमा आणला.

शुश्रूषा विमा चालतो कसा?

आधी मूल्यमापन होतं. उठता-बसता येतं का, कपडे घालता येतात का, औषधं आठवतात का, हे घरी येऊन पाहिलं जातं आणि त्यावरून दर्जा ठरतो. जर्मनीत पूर्वी तीन दर्जे होते आणि ते मुख्यतः शरीराच्या अडचणींवर ठरत. चालता येतं पण गॅस बंद करायचं भान नाही, अशा माणसाला त्यात फार कमी मिळायचं. २०१७ पासून पाच दर्जे झाले आणि स्मृतिभ्रंशाला न्याय मिळाला. जगात २०२१ मध्ये ५ कोटी ७० लाख लोक स्मृतिभ्रंशासह जगत होते, त्यामुळे हा बदल छोटा नव्हे.

दर्जा ठरला की सेवा मिळते किंवा पैसे मिळतात, आणि यावर देशांचं एकमत नाही. जर्मनीत घरचं माणूस सांभाळत असेल तर रोख रक्कम घेता येते. जपानने जवळपास पूर्णपणे सेवाच द्यायचं ठरवलं. रोख पैसे दिले तर ते घरात येतील आणि सून मात्र पलंगाशी बांधलेलीच राहील, असा आक्षेप तिथल्या स्त्रियांच्या गटांनी घेतला होता. मला तो आक्षेप बिनतोड वाटतो. पण जिथे घरपोच सेवा देणारी माणसंच नाहीत, तिथे सेवेचा हक्क कागदावर राहतो आणि रोख रक्कम निदान हातात येते.

या विम्याने सगळं भागत नाही, हेही सांगायला हवं. जर्मनीत वृद्धाश्रमात राहणाऱ्याला आजही स्वतःच्या खिशातून महिन्याला दोन हजार युरोंहून जास्त घालावे लागतात. जपानमध्ये पासष्टीच्या पुढच्यांचा शुश्रूषेचा सरासरी मासिक हप्ता २००० साली २,९११ येन होता, २०२४ ते २०२६ साठी तो ६,२२५ येन आहे.

मी तिशीत आहे. मी का भरायचं?

देशोदेशी याचं उत्तर वेगवेगळं आहे. जपानमध्ये शुश्रूषेचा हप्ता चाळिशीपासून लागतो, सिंगापूरच्या केअरशील्ड लाइफ योजनेत तिशीपासून. जर्मनीत सगळे कमावते भरतात, आणि मुलं नसलेल्यांना २००५ पासून थोडं जास्त भरावं लागतं, कारण मुलं वाढवणारे पुढचे हप्ते भरणारी पिढी घडवतात असं घटनात्मक न्यायालयाने २००१ मध्ये मानलं.

माझं उत्तर असं: तुमचा फायदा चाळीस वर्षांनी सुरू होत नाही, आई-वडील साठीत आले की तेव्हाच सुरू होतो. एकट्या जपानमध्ये, इतका विमा असूनही, वर्षाला सुमारे एक लाख माणसं घरच्यांच्या शुश्रूषेसाठी नोकरी सोडतात. त्यात स्त्रिया बहुसंख्य असतात. त्यांचा पगार जातो, पेन्शन घटतं, आणि हप्ता भरणारं एक माणूसही कमी होतं. शुश्रूषा विम्याचा हप्ता हा निम्मा तुमच्या स्वतःच्या नोकरीचा विमा आहे.

तरुणांची एक तक्रार मात्र रास्त आहे. चांगलं उत्पन्न आणि मालमत्ता असलेल्या सत्तरीच्या माणसाने कमी भरायचं आणि पहिल्या नोकरीतल्या मुलीने जास्त, हे टिकणारं नाही.

मग पैसे उभे कुठून करायचे?

फक्त पगारावर हप्ता लावणं थांबवावं लागेल. तैवानने १९९५ पासून चालणाऱ्या आपल्या एकाच राष्ट्रीय विम्यात २०१३ मध्ये पूरक हप्ता आणला, जो मोठे बोनस, व्याज, लाभांश, भाडं अशा उत्पन्नावर लागतो. फ्रान्समध्ये १९९१ पासून पगाराबरोबरच पेन्शन आणि गुंतवणुकीच्या उत्पन्नावरही सामाजिक सुरक्षेसाठी कर आहे. वय न पाहता ऐपत पाहण्याचा हा मार्ग मला सर्वांत न्याय्य वाटतो.

फ्रान्सने आणखी एक गोष्ट केली. २००३ च्या उन्हाळ्यातल्या उष्णतेच्या लाटेत तिथे सुमारे १५ हजार माणसं दगावली, बहुसंख्य वृद्ध, कित्येक घरात एकटी. दुसऱ्या वर्षी सरकारने 'एकजुटीचा दिवस' जाहीर केला. नोकरदारांनी वर्षातला एक दिवस जास्तीच्या पगाराशिवाय काम करायचं आणि मालकांनी वेतनखर्चाच्या ०.३ टक्के रक्कम वृद्ध आणि अपंगांसाठीच्या निधीत भरायची. त्यावर टीका खूप झाली, पण निधी आजही येतो.

आगाऊ साठवणं हा तिसरा मार्ग. जर्मनी २०१५ पासून शुश्रूषेच्या हप्त्याचा छोटा भाग वेगळ्या निधीत ठेवते आहे, तो २०३५ नंतर, मोठी पिढी ऐंशीकडे झुकेल तेव्हा वापरायचा आहे. रक्कम गरजेच्या मानाने लहान आहे. शिवाय अशा निधीवर अडचणीतल्या सरकारांचा डोळा असतोच.

वृद्धांनी उपचाराच्या वेळी जास्त पैसे भरावेत का?

थोडे, ऐपतीप्रमाणे आणि वर्षाला कमाल मर्यादा घालून. जपानमध्ये पंचाहत्तरीच्या पुढे साधारणतः १० टक्के, ऑक्टोबर २०२२ पासून मध्यम उत्पन्नवाल्यांना २० टक्के आणि चांगल्या उत्पन्नवाल्यांना ३० टक्के भरावे लागतात, पण महिन्याच्या एकूण खर्चावर मर्यादा आहे.

खिशातून द्यावं लागलं की लोक अनावश्यक तपासण्या टाळतील, हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकात रँड संस्थेने केलेल्या मोठ्या प्रयोगात दिसलं की लोक अनावश्यक उपचार कमी करतात आणि आवश्यकही तितकेच कमी करतात. त्या प्रयोगात वृद्धांना घेतलेलंच नव्हतं. रक्तदाबाची गोळी परवडत नाही म्हणून सोडलेल्या सत्तरीच्या माणसाचा पुढचा पक्षाघात विम्याला कितीतरी महाग पडतो.

ठरावीक वयानंतर महागडे उपचार बंद करावेत का?

नाही. वय हा उपचाराचा गुण ठरवण्याचा फार ढोबळ निकष आहे. ऐंशीचा एक माणूस मोतीबिंदू काढल्यावर आणखी दहा वर्षं स्वतःचं स्वतः करतो, साठीच्या दुसऱ्याला तेच ऑपरेशन झेपत नाही. विचारायचं ते हे की या माणसाला या उपचाराने काय मिळेल, आणि त्याला ते हवं आहे का. शेवटच्या दिवसांत वेदना कमी करणारी, घरी मिळणारी सेवा विम्यात असेल, तर अतिदक्षता विभाग हा एकच पर्याय उरत नाही.

प्रतिबंधावर भर दिला तर खर्च वाचेल ना?

तिजोरीतला खर्च वाचेलच असं नाही, पण माणसाचे परावलंबी दिवस कमी होतात. साध्या गोष्टी वगळल्या जातात याचं मला दुःख आहे. मूळ मेडिकेअरमध्ये श्रवणयंत्र, रोजचा चष्मा, दातांची नेहमीची देखभाल बसत नाही. ऐकू येत नाही म्हणून माणूस बोलणं सोडतो, दिसत नाही म्हणून पडतो, दात नाहीत म्हणून पोटभर जेवत नाही. खुब्याचं हाड मोडलं की मात्र विमा धावून येतो.

हे सगळं खासगी विम्यावर सोडलं तर?

ते करून झालं आहे. १९६५ पूर्वी अमेरिकेत जवळपास निम्म्या वृद्धांकडे हॉस्पिटलचा विमा नव्हता. वय वाढेल तसा हप्ता वाढवणं आणि आजाऱ्याला टाळणं हे नफ्यावर चालणाऱ्या विम्याचं साधं गणित आहे. सरकारी विम्यावर पूरक म्हणून खासगी पॉलिसी चालेल, पाया म्हणून नाही.

सेवा द्यायला माणसं कुठून येणार?

पैशापेक्षा ही टंचाई जास्त अवघड आहे. जपानने एप्रिल २०१९ पासून शुश्रूषेसह अनेक क्षेत्रांसाठी परदेशी कामगारांना नव्या प्रकारचा व्हिसा दिला. उचलण्याची यंत्रं, पलंगावरचे सेन्सर यांची मदत होते, पण घाबरलेल्या माणसाला समजावून अंघोळीला नेणं यंत्राला जमत नाही. ज्या देशांतून ही माणसं जातात, तिथेही म्हातारपण येतंच आहे. शेवटी या कामाला चांगला पगार, प्रशिक्षण आणि पाठदुखीवर सुट्टी द्यावीच लागेल. नेदरलँड्समध्ये २००६ च्या सुमारास सुरू झालेल्या ब्यूर्टझोर्ख या संस्थेत दहा-बारा परिचारिकांचे छोटे गट आपलं काम स्वतः ठरवतात, वर व्यवस्थापकांची उतरंड नाही. असे प्रयोग इतर देशांतही करून पाहिले गेले.

ज्या देशांत अजून तरुण जास्त आहेत, त्यांनी थांबायला काय हरकत आहे?

वेळ वाटतो तितका नाही. पासष्टीच्या पुढच्यांचा वाटा ७ टक्क्यांवरून १४ वर जायला फ्रान्सला शंभराहून जास्त वर्षं लागली, जपानला सुमारे पंचवीस. पुढचे देश जपानच्या वेगाने, पण जपानच्या श्रीमंतीशिवाय म्हातारे होत आहेत. थायलंडने मध्यम उत्पन्न असतानाच २००२ मध्ये सर्वांना आरोग्य संरक्षण दिलं, त्यामुळे गरिबीचं कारण पुढे करता येत नाही. भारताने ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तरी आणि पुढच्या सर्वांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारतमध्ये कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण दिलं. मोठं पाऊल आहे, पण ते हॉस्पिटलात भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. रोजच्या गोळ्या आणि घरची शुश्रूषा बाहेरच राहते.

आमच्या कुटुंबाने आत्ता काय तपासून ठेवावं?

भरती न होता घेतलेली औषधं आणि तपासण्या विम्यात बसतात का. घरी येणाऱ्या परिचारिकेचे पैसे मिळतात का, किती तास. वर्षभरात खिशातून जास्तीत जास्त किती जाऊ शकतात. निर्णय घेता येईनासे झाले तर सही कुणाची चालेल, आणि ते कागद आत्ताच, भान शाबूत असताना, केले आहेत का.

जिथे शुश्रूषा विमा आहे तिथे मूल्यमापनाच्या दिवशी वाईट दिवसांबद्दल मोकळेपणाने सांगा. पाहुणे आले की बरीच म्हातारी माणसं ताठ बसतात आणि 'मला काही होत नाही' म्हणतात, मग दर्जा कमी लागतो. त्याआधी आठवडाभर कशाला किती मदत लागली, हे रोज लिहून ठेवा. तब्येत ढासळली की पुन्हा मूल्यमापनासाठी अर्ज करता येतो. दर्जा आपोआप वाढत नाही, आणि वाढीव मदत सहसा अर्ज केल्यापासूनच मोजतात, म्हणून अर्जाला उशीर करू नका.